राजाचा तळहात

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते बाळाजीपंत नातूंनी चढवले असे सांगतात, आणि ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. नातूंच्या नावाने बोटे मोडून झाली की आपण पुढच्या धड्याकडे वळतो. ते निशाण ज्या राजाचे, तो त्या दिवसांत कुठे आणि कसा होता, हे आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तो राजा तिसरा जॉर्ज. वय एकोणऐंशी. लंडनजवळच्या विंडसरच्या किल्ल्यातील थोड्याशा दालनांत तो राहत होता. पांढरी दाढी छातीवर रुळत होती, अंगात जांभळा झगा होता. दोन्ही डोळे पूर्वीच गेले होते आणि त्याच सुमारास कानही गेले. पुण्याची वार्ता त्याला कोणी सांगितली नसावी. सांगायला गेले असते तरी ती आत शिरावी कोणत्या वाटेने?

ह्या राजाची कारकीर्द आपल्या इतिहासाला विलक्षण चिकटलेली आहे. तो २५ ऑक्टोबर १७६० रोजी गादीवर आला, त्यानंतर ऐंशी-एक्याऐंशी दिवसांनी पानिपत झाले. थोरल्या माधवरावांचे राज्य, बारभाईंचे कारस्थान, सालबाईचा तह, महादजी, नाना, असई, खडकी, हे सारे त्या एकाच्याच राजवटीत आटोपले. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले तेव्हाही इंग्लंडच्या गादीवर नावाला तोच होता. कारभार मुलगा पाहत होता. ५ फेब्रुवारी १८११ पासून त्याला तसा कायद्याने अधिकार मिळाला होता.

जॉर्ज वेडा होता, एवढेच त्याच्याविषयी बहुतेकांना माहीत असते. ते खोटे नाही. १७८८च्या अखेरीस त्याला जो झटका आला, त्या वेळी फ्रान्सिस विलिस नावाच्या वैद्याने त्याला बांधून घालणारा अंगरखा चढवला होता. त्या आजारावर डॉक्टरांनी अलीकडे खूप शाई खर्च केली आहे. १९६० नंतरच्या दशकात रक्तातील एका दोषाचे निदान पुढे आले आणि बरेच गाजले. आता पुष्कळ जाणकार ते मानीत नाहीत, मनाचाच तो विकार होता म्हणतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला बोलायचे आहे ते त्याच्या डोळ्यांविषयी आणि कानांविषयी, कारण त्यांच्याकडे वेडाच्या गोंगाटात फारसे कोणी पाहिले नाही.

मोतीबिंदूने त्याची नजर हळूहळू गेली. हा राजा आपली पत्रे स्वतःच्या हाताने लिहिणारा होता. पत्रावर तारखेबरोबर तास आणि मिनिटेही घालायची त्याला सवय. १८०५ साली नजर इतकी अधू झाली की पत्रे वाचायला आणि लिहायला हर्बर्ट टेलर नावाचा चिटणीस नेमावा लागला. मोतीबिंदू कापून काढण्याची शस्त्रक्रिया फ्रान्सच्या दाविएलने १७५०च्या आगेमागेच दाखवून दिली होती. पण तेव्हा भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते आणि डोळा वाचण्याइतकाच तो जाण्याचाही संभव होता. राजाच्या डोळ्याला सुरी लागली नाही. तरी तोवर त्याचे फारसे अडले नाही, कारण कान शाबूत होते. १८०९ साली राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षाचा उत्सव झाला तेव्हा नजर जवळजवळ गेलेली होती. पुढच्याच वर्षी त्याची लाडकी धाकटी मुलगी अमीलिया वारली आणि मन पुन्हा ढळले ते कायमचे.

कान गेले ते मागाहून. आणि येथेच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. म्हातारपणी नजर आणि श्रवण दोन्ही जाणे म्हणजे एकात एक मिळवून दोन होणे नव्हे. ही इंद्रिये शेजाऱ्यांसारखी असतात. एकाच्या घरात उणे पडले की दुसरा वाटीभर उसने देतो. म्हातारपणी आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ अशी अक्षरे निसटतात, बायकामुलांचे बोलणे पुसट होते. मग म्हातारा माणूस नकळत समोरच्याच्या ओठांकडे पाहू लागतो. ‘चष्मा कुठे ठेवलास? मला ऐकू येत नाही’ असे एखादे आजोबा म्हणतात तेव्हा आपण हसतो. आजोबा अगदी खरे बोलत असतात. त्याच डोळ्यांत पुढे मोतीबिंदू उतरला, की कान होते तेवढेच असूनही माणूस एकाएकी ठार बहिरा झाल्यासारखा वाटतो.

ह्याची साक्ष त्या काळच्या दोन संगीतकारांकडून मिळते. जॉर्जचा अत्यंत आवडता संगीतकार हँडल. तो उतारवयात आंधळा झाला, पण कान होते म्हणून ऑर्गन वाजवीतच राहिला. दुसरा बेटहोफेन. त्याचे कान गेले, पण डोळे होते. १८१८ पासून व्हिएन्नात त्याच्याकडे येणारे लोक वहीत लिहून बोलत आणि तो वाचून तोंडाने उत्तर देई. त्यांतल्या पुष्कळ वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. ह्याच १८१८ सालचा विंडसरचा राजा पाहा. त्याला हँडलचा मार्ग बंद होता आणि बेटहोफेनचाही. हार्प्सिकॉर्डपुढे बसून तो हँडलचे तुकडे वाजवी, असे सांगतात. त्याला त्यांतले काय ऐकू येत होते, तोच जाणे.

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला, म्हणजे शनिवारवाड्यावर निशाण लागल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, राणी शार्लट वारली. सत्तावन्न वर्षांचा संसार. राजाला ते कळले नाही. तो कधीच मेलेल्या मंडळींशी तासन् तास बोलत बसे. १८१९च्या नाताळात तर तो सलग अठ्ठावन्न तास बोलत राहिला, आणि २९ जानेवारी १८२० रोजी गेला. त्या दहा वर्षांत लंडनच्या रंगभूमीवर ‘किंग लिअर’चा प्रयोग झाला नाही, राजाला ते झोंबेल म्हणून. ज्याला दिसत नव्हते आणि ऐकू येत नव्हते त्याची ही काळजी! दरबारी सौजन्य म्हणावे ते असे.

ह्या बडबडीतले वेड किती आणि एकांत किती, ह्याची फोड आता कोणालाच करता येणार नाही. मी वेड नाकारीत नाही. मात्र आजचे वैद्यक सांगते ते ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांत २०१७ साली बहिरेपण धरले आणि २०२४ साली उपचाराविना राहिलेली अधू नजरही त्यात घातली. राजाभोवती वैद्यांचा ताफा होता, नोकरांना तोटा नव्हता. त्याचा तळहात उघडून त्यावर बोटाने एखादे अक्षर काढून पाहावे, असे त्यांतल्या कोणाला सुचल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

ते सुचले दुसऱ्याच एकाला, आणि तो कोणी वैद्य नव्हता. १८२१ साली, म्हणजे राजाच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, मोराव्हियात हाइनरिश लांडेसमान जन्मला. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याचे कान गेले. संगीताचा नाद होता, तो सुटला आणि तो लेखणीकडे वळला. मेटरनिकच्या राज्यव्यवस्थेवर लिहायचे तर घरच्यांना त्रास नको म्हणून त्याने हिरोनिमुस लोर्म हे टोपणनाव घेतले. नजर आधीपासून अधू होती. साठीच्या सुमारास तीही पूर्ण गेली. तेव्हा त्याने स्वतःच्या हातालाच पाटी केले. अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला की ए, तर्जनीच्या टोकाला ई, आणि ह्याच क्रमाने करंगळीपर्यंत पाची स्वर. तर्जनीवरून खाली ओढले की बी, तळव्यावर वर्तुळ काढले की एस. घरच्या माणसांनी त्याच्या तळहातावर बोलायचे आणि त्याने तोंडाने उत्तर द्यायचे. म्हातारा १९०२ साली वारेपर्यंत लिहीत होता. त्याची ही लिपी १९०८ साली त्याच्या मुलीने छापून प्रसिद्ध केली, आणि जर्मन बोलणाऱ्या मुलखात ती अजून चालते.

आमच्या घरात एक आत्याबाई होत्या. मराठी शाळेत मास्तरीण होत्या, पस्तीस वर्षे. नव्वदीत डोळे गेले, कान तर त्याआधीच गेलेले. कोणी हात धरला की ओरडत, ताट सरकवीत, भलत्याच वेळी ‘पहाट झाली का?’ म्हणून विचारीत. ‘भ्रम झाला आहे’, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते, मीदेखील. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायलाही आम्ही शिकलो होतो. धाकट्या वहिनीने एका दुपारी, भांडे पुढे करण्याआधी, त्यांचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने सावकाश लिहिले : पाणि.

आत्याबाई बराच वेळ स्तब्ध बसल्या. मग म्हणाल्या, “णीला दुसरी वेलांटी.”