हरताळ, चुना आणि ओठांवरची लव : सुश्रुताने नेमके काय सांगितले होते?

'तत्त्वांना हरताळ फासला' असे आपण सहज म्हणतो. हा हरताळ बंदचा नव्हे. हे एक पिवळेधमक खनिज आहे. पोथी लिहिताना लेखनिकाची चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप फासून ती झाकत आणि वर पुन्हा लिहीत. जुन्या हस्तलिखितांत असे पिवळे डाग आजही दिसतात. अक्षरे पुसणाऱ्या याच द्रव्याकडे आपल्या वैद्यांनी केस घालवण्याचेही काम सोपवले होते. आजचा धागा त्याविषयी.

निमित्त असे की चेहऱ्यावरची लव 'पाच हजार वर्षांच्या आयुर्वेदाने' कायमची घालवण्याचे उपाय रोज आपल्यासमोर येतात. हळद, बेसन, मसूरडाळ, साय. यांपैकी संहितांत काय आहे, हे एकदा नीट पाहू.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय व्रणांचा, म्हणजे जखमांचा आहे. त्यात व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांतला एक आहे 'लोमापहरण', केस काढून टाकणे. कारण सरळ आहे : केसाळ जागची जखम नीट भरत नाही. म्हणून आधी वस्तरा, कात्री आणि चिमटा वापरावा, असे ग्रंथ म्हणतो. लेप त्यानंतरचे. सुंदर दिसण्याचा विषय येथे निघतच नाही. आपण आहोत ते शल्यविद्येच्या दालनात. (याच्या आधीचा उपक्रम नेमका उलटा, केस उगवण्याचा. हस्तिदंताची मषी आणि रसांजन यांच्या लेपाने तळहातावरही केस येतील, अशी ग्वाही तेथे दिली आहे. प्राचीन ग्रंथकारही जाहिरातीचा मोह सोडत नसत, एवढेच म्हणू.)

लेपांतला मुख्य असा : शंखाचे चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आणि हे दोन्ही शुक्त नावाच्या आंबवलेल्या द्रवात वाटायचे. दुसरा लेप बिब्ब्याचे तेल आणि निवडुंगाचा चीक यांचा. बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय होते, हे ज्यांच्या घरात कोणी अनुभवले असेल त्यांना अधिक सांगायला नको. तिसऱ्यात केळ आणि टेटू यांची राख, हरताळ, मीठ आणि शमीचे बी. चौथ्यात घरातल्या पालीची शेपटी, केळ, हरताळ आणि हिंगणबेटाचे बी जाळून त्या राखेसह तेल उन्हात सिद्ध करायचे. 'नैसर्गिक' हा शब्द तपासायचा असेल तर ही यादी उत्तम. यातले सारे काही निसर्गातलेच आहे, पालीच्या शेपटीसकट.

या योगांमागचे रसायन मात्र समजून घेण्याजोगे आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. शंख भाजला की त्याचा चुना होतो. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करीत तो याच न्यायाने. चुना आणि हरताळ ओलाव्यात एकत्र आले की गंधकयुक्त क्षार तयार होतात. केसाचे बळ केराटिन या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांत असते. हे क्षार तेच बंध तोडतात. केस मऊ होतो, लगदा होतो आणि खरवडला की निघून येतो. आज दुकानात मिळणाऱ्या केस काढण्याच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असते, आणि तेही हेच बंध सोडवते. म्हणजे केस विरघळवण्याचे काम गंधकाकडे होते. आर्सेनिक सोबत येई, ते विष म्हणूनच.

ही जोडी केवळ आपली नव्हती. इराणात 'नूरा' आणि तुर्कस्तानात 'रुस्मा' या नावांनी चुना-हरताळाचा लेप हमामखान्यांत शतकानुशतके वापरात होता. चामडे कमावणारेही कातडीवरचे केस काढण्यासाठी हीच द्रव्ये वापरीत. ज्याने मेलेल्या जनावराच्या कातड्यावरचे केस सुटतात, ते जिवंत गालावर किती वेळ ठेवायचे याचा अंदाज चुकला की भाजणे ठरलेले, आणि भाजलेल्या त्वचेतून आर्सेनिक शरीरात शिरायला वाट मोकळी. हरताळ घातक आहे हे आपल्या रसशास्त्राला पक्के ठाऊक होते. कोहळ्याच्या रसासारख्या द्रवांत शोधन केल्याशिवाय तो औषधात घेऊ नये, असे तेथे बजावलेले आहे.

पुढे शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, शंख-हरताळाच्या जोडीला मनःशीळ आणि सज्जीखार आले. मनःशीळ हेही आर्सेनिकाचेच खनिज. केस उपटून हा लेप सात वेळा लावला तर ती जागा क्षपणकाच्या डोक्यासारखी गुळगुळीत होईल, असे तेथे म्हटले आहे. 'कायमचे' या शब्दाची ओढ एवढी जुनी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यात स्त्रीचा चेहरा कोठे आहे?

सुश्रुताने निदानस्थानात चव्वेचाळीस क्षुद्ररोग मोजले आहेत. त्यांत तारुण्यपीटिका आहेत, चेहऱ्यावरचे वांग आहेत, तीळ आहेत, चामखीळ आहे, केस गळणे, पिकणे आणि कोंडाही आहे. स्त्रीच्या ओठांवर किंवा हनुवटीवर केस येणे त्या यादीत नाही. चरकाची गोष्ट याहून बोलकी आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याने आठ 'निंदित' शरीरे सांगितली : अतिउंच, अतिठेंगणा, अतिकेसाळ, केसहीन, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश. निंदित म्हणजे लोकांनी नावे ठेवलेली. मात्र पुढे त्याच अध्यायात त्याने भर दिला तो शेवटच्या दोघांवर, कारण स्थूलता आणि कृशता यांतून रोग उद्भवतात. अतिकेसाळ माणसासाठी तेथे औषध नाही. चरकाने लोकांच्या नजरेची नोंद घेतली आणि वैद्य म्हणून तो पुढे गेला, असे मला वाटते.

नजर मात्र होतीच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी विवाह करू नये याची यादी आहे. तिच्यात अंगावर केस नसलेली आणि फार केस असलेली, अशा दोघीही येतात. पुरुषाच्या केसांची चर्चा कामसूत्रात आहे, पण तिचा सूर निराळा : नागरकाने दर चौथ्या दिवशी क्षौर करावे. पुरुषाला वेळापत्रक दिले गेले, आणि मुलीचे लग्नच नाकारले गेले.

राहिले उटणे. संहितांतले नाव 'उद्वर्तन'. वाग्भटाने अष्टांगहृदयात त्याचे गुण दिले आहेत : कफ कमी करणे, मेद विरघळवणे, अंगाला स्थैर्य देणे, त्वचा उजळवणे. केस घालवणे त्यांत नाही. चरकाने हळद घातली ती लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न गणांत. केस घालवणाऱ्या द्रव्यांचा गणच त्याने केलेला नाही. डाळीचे पीठ वाळल्यावर चोळून काढले तर काही बारीक लव ओढली जाऊन तुटते, आणि तो घर्षणाचा परिणाम आहे. दिवाळीचे उटणे त्यामुळे कमी सुगंधी होत नाही. त्याच्या डोक्यावर सुश्रुताचे नाव तेवढे घालू नये.

केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि त्याला हुकूम येतो तो संप्रेरकांकडून. लेप तेथवर पोहोचत नाही, हरताळाचाही नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पाळी बंद किंवा अनियमित, बीजकोशांवर अनेक गाठी, आणि काहींच्या चेहऱ्यावर दाट केस. आज आपण ज्याला पीसीओएस म्हणतो त्याच्या आधुनिक अभ्यासाची ही सुरुवात. पुढे १९६१ मध्ये फेरिमन आणि गॅलवे यांनी केसांचे प्रमाण मोजण्याची पद्धत मांडली. त्यांनी शरीराच्या अकरा जागा निवडल्या, आणि वरचा ओठ व हनुवटी त्यांत आहेत.

हनुवटीवरचे जाड केस आणि अनियमित पाळी ही दोन्ही एकत्र असतील, किंवा थोड्या महिन्यांत केस झपाट्याने वाढून आवाजही जड होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा संप्रेरकतज्ज्ञाकडे जावे. नुसती लव असेल आणि ती नकोशी वाटत असेल, तर सुश्रुताने सर्वांत आधी सांगितलेली तीन साधने, वस्तरा, कात्री आणि चिमटा, आजही मिळतात. आणि ती नकोशी वाटत नसेल, तर चरकाकडेही त्यावर औषध नव्हते.