कर्नल ड्रायव्हरमधील ‘बफर ओव्हरफ्लो’

संगणकाच्या स्मृतीत माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी राखलेल्या ठरावीक आकाराच्या जागेस ‘बफर’ म्हणतात. क्षमतेहून अधिक माहिती लिहिली गेल्यास ती शेजारच्या जागेत शिरून तेथील नोंदी बदलून टाकते. यास ‘बफर ओव्हरफ्लो’ अशी संज्ञा आहे. सामान्य प्रोग्रॅममधील असा दोष बहुधा त्याच्यापुरता मर्यादित राहतो. मात्र कर्नलमधील ड्रायव्हर सर्वोच्च अधिकारांनिशी चालत असल्याने तेथील दोषामुळे संपूर्ण संगणक हल्लेखोराच्या ताब्यात जाऊ शकतो.

विंडोजमध्ये फाइलींची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या ‘एसआरव्ही.एसवायएस’ या ड्रायव्हरमध्ये असाच दोष होता. ३२ बिटांत नोंदवलेला आकार सुधारताना केवळ १६ बिट बदलले जात. त्यामुळे राखलेल्या जागेहून अधिक माहिती तीत भरली जाई. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसृत केली. तथापि ती न बसवलेल्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. जूनमध्ये याच दोषाचाही आधार घेणाऱ्या ‘नॉटपेट्या’ची झळ नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलला बसली.

लिहिण्यापूर्वी आकाराची काटेकोर तपासणी आणि दुरुस्ती वेळेत बसवणे, हे यावरील प्रमुख उपाय होत.