सतराव्या लेण्यातलं हरण

सावद्याच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली बावीस वर्षं दर डिसेंबरात पोरांना अजिंठ्याला नेलं. भुसावळ, जामनेर, पहूर करत फर्दापूर, शंभरेक किलोमीटर. पोरं बसमध्ये शिदोरी सोडायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी मात्र मनाने आधीच सतराव्या लेण्यात पोचलेला असायचो.

त्याला कारण आहे. मी स्वतः सातवीत असताना तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा आत दिवे नव्हते. बाहेर उभा असलेला माणूस चकचकीत पत्र्यावर ऊन घ्यायचा आणि ते आत भिंतीवर टाकायचा. पत्रा जरा कलला की उजेड एका हरणावरून दुसऱ्यावर सरकायचा. माझ्या शेजारचा पोरगा ओरडला, "गुरुजी, हे हरण त चालून राह्यलं!" गुरुजींनी त्याला गप्प केलं. पण तो बरोबर होता. अजिंठ्याचा चित्रकार एकाच भिंतीवर एकच पात्र पुन्हा पुन्हा काढतो: इथे पळतंय, तिथे थांबलंय, पलीकडे मान झुकवलीय. मधली जागा बघणाऱ्याच्या डोळ्याने भरायची.

या एका लेण्यात हरणांच्या तीन जातककथा आहेत: शरभ, रुरु आणि न्यग्रोध. न्यग्रोध म्हणजे वड. काशीच्या राजाने शिकारीसाठी हरणं बागेत कोंडलेली असतात. रोजची धावपळ आणि जखमा टळाव्यात म्हणून हरणं ठरवतात, चिठ्ठी टाकून दररोज एकाने आपण होऊन मरायला जायचं. एके दिवशी पाळी येते गाभण हरिणीवर. तिच्या कळपाचा मुख्य पाळी बदलून देत नाही. तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा, सोनेरी न्यग्रोध, तिच्या जागी ठोकळ्यावर मान ठेवतो. राजाला ते बघवत नाही, आणि हरणं सुटतात.

ही कथा 1957 साली पडद्यावर आली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये नुकताच कार्टून विभाग सुरू झाला होता. तिथल्या चित्रकारांना शिकवायला 1956 साली डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. मिशनऱ्यांचा हा मुलगा जन्मला भारतातच, आणि पुढे अमेरिकेत त्याने 'स्नो व्हाइट' आणि 'बांबी'वर काम केलं. 'बांबी' हरणाचाच चित्रपट! आपली कार्टून-कला त्या एका माणसाने आणली असं सांगितलं जातं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. राम मोहन यांच्यासारखे चित्रकार त्याच वर्गात घडले. पण नव्या विभागाने 'द बॅनियन डीअर' करायला घेतला तेव्हा कथा जातकाची होती आणि रेषेचं वळण अजिंठ्याचं. हात हलवायला शिकवला डिस्नेच्या माणसाने, हरण मात्र आपल्या डोंगरातलं होतं.

आपल्या डोंगरातलं असं मी उगाच म्हणत नाही. सतरावं लेणं पाचव्या शतकात ज्या राजाने खोदवलं, त्याचा धाकटा भाऊ रविसांब गेला होता. त्या दुःखाने मन दानधर्माकडे वळलं, असं तिथला शिलालेख सांगतो. हे घराणं ऋषीक देशाचं, आणि ऋषीक म्हणजे खानदेश, असं वा. वि. मिराशींनी मांडलं.

अजिंठ्याची रेषा सावद्याच्या उंबऱ्यापर्यंतही एकदा येऊन गेली. डिसेंबर 1936 मध्ये शेजारच्या फैजपूरला काँग्रेस भरली, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून मंडप सजवला नंदलाल बोस यांनी, बांबू आणि गावात मिळेल त्या सामानाने. तरुणपणी, 1909 च्या सुमारास, ते लेडी हेरिंगहॅमच्या पथकात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आले होते. नेहरूंचा सहा बैलजोड्यांचा रथ त्यांनीच सजवला. माझे आजोबा तो रथ बघायला सावद्याहून चालत गेले होते. बैलांचं वर्णन ते मरेपर्यंत करायचे. रथ कोणी सजवला ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आणि हलत्या चित्राचं बी? तेही मराठी मातीत आहे. 1892 साली कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' दाखवू लागले. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यापुढे अशी सरकवायची की पात्रं हलताना दिसावीत. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि 'हरिश्चंद्रा'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला, आणि ते बघून पैसे देणारा माणूस राजी झाला. पुढे 1915 च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, एकेक काडी सरकवत. ती फिल्म आज नाही. प्रभातचा कार्टूनपट 'जंबू काका' 1934 चा. मला या सगळ्यात वाटाणा सगळ्यात प्रिय आहे, कारण मी केळीच्या गावचा आहे.

केळीचा पोंगा बघितलाय? खोडाच्या मधून पानाची गुंडाळी वर येते, सुरळीसारखी घट्ट, फिकट पोपटी. रोज थोडी उकलते. आठवडाभरात अख्खं पान उघडतं. रोज बागेत जाणाऱ्यालाही ते हलताना दिसत नाही. फाळक्यांचा वाटाणा वर्गात सांगून झाला की मी पोरांना म्हणायचो, शंभरपानी वहीच्या कोपऱ्यात रोज सकाळी आपल्या बागेतल्या एका पोंग्याची दोन चित्रं काढा. चार दिवसांत निम्मी पोरं कंटाळायची. ज्यांनी आठ दिवस काढली, त्यांच्या वह्या मी ठेवून घेतल्या. मधली चित्रं मी भरून देत नसे. सोळा चित्रांत पान धक्के खात उघडायचं, तरी उघडायचं.

पोरांच्या ओळखीचा कार्टूनपट म्हणजे 'एक अनेक और एकता', 1974 चा, विजया मुळे यांनी केलेला. दूरदर्शनवर लागला की आमच्या गल्लीत एकाच टीव्हीपुढे चाळीस पोरं बसायची. जाळं घेऊन उडणारी पाखरं आणि दोर कुरतडणारे उंदीर पंचतंत्रातल्या चित्रग्रीवाच्या गोष्टीतून आलेत, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी फळ्यावर कबुतर काढून सांगायचो. मग एखादी पोरगी विचारायची, "गुरुजी, ते लेण्यातलं हरण टीव्हीवर कधी येईन?"

आता त्या पोरीच्या पोरीला मी मोबाइलवर 'बॅनियन डीअर' दाखवला. हरणाने मान खाली घातली, तशी ती जवळ सरकली आणि पडद्यावर बोट ठेवून तिने चित्र थांबवलं.