बैतलहमची बोलकी भिंत: चित्रे, घोषणा आणि त्यामागची हकिकत

भिंतीवर लिहिणे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला नवे नाही. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही रस्त्याने जा, बियाण्याची जाहिरात, निवडणुकीचे चिन्ह, ग्रामपंचायतीचा स्वच्छतेचा संदेश भिंतीवर दिसतोच. रंग उडतो, वर नवा चुना बसतो आणि विषय संपतो. पॅलेस्टाईनमधल्या एका भिंतीचा विषय मात्र वीस वर्षांहून जास्त काळ संपलेला नाही.

या भिंतीवरची चित्रं आता घरोघरी मोबाइलवर येतात. मुलं विचारतात: ही भिंत कुठली? चित्रं कोणी काढली? आणि चित्र काढून भिंत पडते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही इथे एका ठिकाणी देत आहोत.

भिंत नेमकी कुठे आहे?

इस्राएलने जून २००२ मध्ये वेस्ट बँक भागात ही भिंत बांधायला घेतली. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाला होता. त्या काळात इस्राएलच्या शहरांत आत्मघाती हल्ले होत होते, शेकडो नागरिक मारले गेले होते. हल्लेखोरांना रोखण्यासाठी हे बांधकाम आहे, असे इस्राएलचे म्हणणे आहे आणि ते त्याला सुरक्षेचे कुंपण म्हणतात. पॅलेस्टिनी लोक त्याला वंशभेदाची भिंत म्हणतात.

बोलताना आपण तिला सीमेवरची भिंत म्हणतो, पण खरा वाद तिथेच आहे. १९४९ च्या युद्धबंदीची रेषा सुमारे ३२० किलोमीटर लांब आहे. भिंतीचा आखलेला मार्ग मात्र ७०० किलोमीटरहून जास्त, म्हणजे दुपटीपेक्षा अधिक. कारण ती रेषेवरून सरळ जात नाही. मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आत शिरतो. गाव एका बाजूला आणि त्याच गावाची जैतुनाची बाग दुसऱ्या बाजूला, असं अनेक ठिकाणी झालं आहे. बागेत जायचं तर परवाना काढा आणि फाटक उघडायची वाट बघा.

सगळीकडे काँक्रीट नाही, हेही सांगायला हवे. बहुतेक ठिकाणी तारेचे कुंपण, खंदक आणि गस्तीचा रस्ता आहे. बैतलहम, कलंदिया, अबू दीस अशा दाट वस्तीत मात्र आठ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या पाट्या उभ्या आहेत. बर्लिनची भिंत साडेतीन मीटरच्या आसपास होती, त्यावरून अंदाज येईल. चित्रं निघतात ती याच काँक्रीटवर.

भिंतीवर लिहिण्याची रीत जुनी

ही चित्रकला परदेशी पाहुण्यांनी आणली असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला तेव्हा वर्तमानपत्रांवर लष्करी सेन्सॉर होता. मग बातमी, संपाची तारीख, शहिदाचे नाव, सगळं घरांच्या भिंतींवर येऊ लागलं. रात्री मुलं लिहून जायची. सकाळी सैनिक यायचे आणि घरमालकालाच रंग लावून ते पुसायला सांगायचे. भिंत त्याची असो, लिहिणारा दुसराच कुणी असो. पुन्हा रात्री त्याच पांढऱ्या पट्ट्यावर नवी घोषणा. या थरावर थर चढलेल्या भिंती त्या काळचं वर्तमानपत्रच होत्या.

झेंड्यावरही बंदी होती. चित्रकार सुलेमान मन्सूर यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये रामल्लातले त्यांचे प्रदर्शन लष्कराने बंद केले. लाल, हिरवा, काळा, पांढरा हे झेंड्याचे रंग एकत्र वापरू नका, असे त्यांना बजावण्यात आले. त्या रंगांत फूल काढलं तर, असं विचारल्यावर कलिंगडसुद्धा चालणार नाही, असं उत्तर मिळालं. आज मोबाइलवर कलिंगडाचं जे चित्र फिरतं, त्याच्या मागे ही आठवणही आहे.

दुसरी रीत धार्मिक आहे. आपल्याकडे हाजी परत आले की हार घालून, गळाभेट घेऊन स्वागत होतं, खजूर आणि जमजम वाटलं जातं. पॅलेस्टाईनमध्ये आणि इजिप्तमध्ये हाजींच्या दारावर आणि भिंतीवर रंगकाम करतात. काबा, मस्जिद-ए-नबवीचा हिरवा घुमट, मुबारकबादीची अक्षरं. बैतुल मुकद्दसच्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांत अशी दारं आजही दिसतात. म्हणजे काँक्रीट उभं राहिलं तेव्हा रंग धरणारे हात तिथं आधीपासून तयार होते.

भिंतीवर काय काय आहे?

सर्वांत जास्त वेळा दिसतो तो हंदला. दहा वर्षांचा, अनवाणी, ठिगळाच्या कपड्यांतला मुलगा, हात मागे बांधून आपल्याकडे पाठ करून उभा. व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांनी १९६९ मध्ये त्याला जन्म दिला. नाजी स्वतः दहा वर्षांचे असताना गाव सोडून निर्वासित झाले होते. परत जाईपर्यंत हंदला मोठा होणार नाही, असं ते सांगायचे. १९८७ मध्ये लंडनला त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यातच त्यांचा इंतकाल झाला. हंदला अजून दहा वर्षांचाच आहे.

मग किल्ली. १९४८ मध्ये घर सोडताना लोकांनी कुलूप लावून किल्ल्या बरोबर घेतल्या होत्या, त्याची ही खूण. जैतुनाचं झाड, काळी-पांढरी कुफिया आणि कुब्बतुस-सखराचा सोनेरी घुमटही वारंवार दिसतो. बैतलहम ते मस्जिद-ए-अक्सा हे अंतर फार तर आठ-दहा किलोमीटर. पण परवान्याशिवाय तिथं नमाजला जाता येत नाही. घुमटाचं चित्र इथं का निघतं, ते यावरून कळावं.

चेहरेही आहेत. कलंदियाच्या नाक्याजवळ यासिर अराफात आणि तुरुंगात असलेले मरवान बरगूती. बैतलहमला लैला खालिद. २०२० मध्ये तकी स्बातीन या स्थानिक चित्रकाराने अमेरिकेत पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचं चित्र काढलं. ११ मे २०२२ रोजी जेनिनमध्ये बातमी देताना पत्रकार शिरीन अबू आकला गोळीने मारल्या गेल्या. त्यांचंही चित्र या भिंतीवर आलं. शिरीन ख्रिस्ती होत्या. त्यांच्या जनाज्याला मुसलमान आणि ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून चालले.

ही भिंत फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असे आपल्याकडे अनेकांना वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बैतलहम हजरत ईसा अलैहिस्सलाम यांचे जन्मगाव. तिथल्या एका ख्रिस्ती मठाजवळ, भिंतीवरच, इयन नोल्स या इंग्रज चित्रकाराने २०१० मध्ये हजरत मरियम यांचे चित्र रंगवले. त्याचे नावच ‘भिंती पाडणारी माता’ अशा अर्थाचे आहे. २५ मे २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वाटेत अचानक गाडी थांबवली, खाली उतरले आणि घोषणांनी भरलेल्या काँक्रीटला कपाळ टेकून काही क्षण उभे राहिले. तो फोटो जगभर गेला.

जवळच एक कबर आहे. यहुदी आणि ख्रिस्ती लोक ती हजरत याकूब अलैहिस्सलाम यांच्या पत्नी राहेल यांची मानतात. तिथल्या जागेला स्थानिक मुसलमान बिलाल बिन रबाह मस्जिद म्हणतात. भिंतीने वळसा घालून ही जागा बैतलहमपासून तोडली आहे. एकेकाळी गजबजलेल्या त्या रस्त्यावरची दुकाने बंद पडली. याच ठिकाणी बैतलहमच्या एका संस्थेने भिंतीवर मोठे फलक लावून ‘भिंत संग्रहालय’ केले. फलकांवर साध्या बायकांनी सांगितलेले अनुभव आहेत: दवाखान्यात वेळेवर न पोहोचणं, माहेर तुटणं, ईद किंवा नाताळ एकट्याने काढणं. आमच्या मते सगळ्या भिंतीवरचा हा सर्वांत मोलाचा मजकूर.

बाहेरून आलेले चित्रकार

२००५ च्या ऑगस्टमध्ये बँक्सी हा ओळख लपवून काम करणारा इंग्रज चित्रकार इथे आला आणि भिंतीला जगभर प्रसिद्धी मिळाली. फुगे धरून वर उडणारी मुलगी, भिंतीला पडलेल्या भगदाडातून दिसणारा समुद्रकिनारा ही त्याचीच चित्रं. २००७ मध्ये तो इतर चित्रकारांना घेऊन बैतलहमला परत आला. तेव्हा त्याने शहरातल्या भिंतींवर छातीला चिलखत घातलेलं कबुतर आणि सैनिकाचीच झडती घेणारी लहान मुलगी काढली. मार्च २०१७ मध्ये त्याने भिंतीला अगदी खेटून हॉटेल उघडलं. खिडकीतून दिसतं ते फक्त काँक्रीट.

२००९ मध्ये रामल्लाजवळ अर-राम इथे दक्षिण आफ्रिकेचे मुस्लिम विद्वान फरीद इसाक यांचे पॅलेस्टिनींना लिहिलेले पत्र भिंतीवर रंगवले गेले. एकाच ओळीत, सुमारे अडीच किलोमीटर लांब. आपल्या देशाने वर्णभेद भोगला, म्हणून ही भिंत आपल्याला ओळखीची वाटते, हा त्या पत्राचा आशय.

रंगवणाऱ्यांना धोकाही असतो. जुलै २०१८ मध्ये अहद तमीमी ही तरुणी तुरुंगातून सुटणार होती. तिचा मोठा चेहरा रंगवल्याबद्दल इटालियन चित्रकार जोरित आणि त्याच्या साथीदारांना अटक झाली. परदेशी चित्रकारांना देश सोडावा लागला. चित्र राहिलं.

“भिंत सुंदर करू नका”

या चित्रांना विरोधही आहे, आणि तो तिथल्याच लोकांचा आहे. बँक्सीने स्वतः एका वृद्धाची आठवण लिहून ठेवली आहे. तुम्ही भिंत सुंदर करताय, असं तो म्हणाला. चित्रकाराला ती तारीफ वाटली. पण म्हातारबाबांनी लगेच बजावलं की आम्हाला ही भिंत सुंदर नकोच आहे, परत जा.

या एका प्रसंगात सगळा प्रश्न येतो. पर्यटक येतात, फोटो काढतात, आठवण म्हणून छोट्या वस्तू विकत घेतात. त्यातून काही घरं चालतात, हे खरं. पण बैतलहममधली काही चित्रे भिंतीच्या तुकड्यांसकट कापून परदेशात विक्रीला गेली. काही पाहुण्यांनी भिंतीवर नुसती थट्टा केली. २०१७ मध्ये लशसक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने टेहळणी बुरुजाला मिठी मारणारे ट्रम्प रंगवले. हसू येतं, पण रोज पहाटे नाक्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्या मजुराला त्यात काय मिळालं?

बर्लिनचा दाखला नेहमी दिला जातो. ती भिंत १९६१ ते १९८९ उभी होती. रंगली ती पश्चिमेकडून, जिकडे लोक मोकळे होते. पूर्वेकडची बाजू पांढरी स्वच्छ, कारण तिथं भिंतीजवळ जाणाऱ्याला गोळी घालत. पडल्यानंतर १९९० मध्ये उरलेल्या १३१६ मीटर तुकड्यावर अनेक देशांच्या चित्रकारांनी पूर्वेकडून चित्रं काढली. पॅलेस्टाईनमध्ये उलट आहे. कोंडलेली बाजूच रंगलेली आहे. त्यामुळे इथलं चित्र अजून स्मारक झालेलं नाही, ते चालू तक्रारीचा अर्ज आहे.

मग भिंत हलते कशाने?

९ जुलै २००४ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ विरुद्ध १ मताने सल्लागार मत दिलं: व्याप्त प्रदेशातली ही भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे, ती पाडावी आणि नुकसानभरपाई द्यावी. इस्राएलने ते मानले नाही. पण बिलईन गावाचे उदाहरण बघा. गावकऱ्यांनी २००५ पासून दर शुक्रवारी मोर्चे काढले, शिवाय इस्राएलच्याच सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने मार्ग बदलायचा हुकूम दिला. प्रत्यक्ष कुंपण हललं २०११ मध्ये, आणि गावाला काही जमीन परत मिळाली. सगळी नाही.

म्हणजे मुलांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: रंगाने भिंत पडत नाही. कोर्ट, कागदपत्रे, मोर्चे आणि वर्षानुवर्षांचा सब्र यांनी ती थोडीफार सरकते. चित्राचं काम वेगळं आहे. भिंतीची सवय होऊ न देणं, आणि मेलेल्या माणसाचं नाव पुसू न देणं.

आपण काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, फोटो पुढे पाठवण्याआधी पाहून घ्या. फुलांचा गुच्छ फेकणाऱ्या तरुणाचं बँक्सीचं प्रसिद्ध चित्र ‘भिंतीवरचं’ म्हणून फिरतं. प्रत्यक्षात ते बैत सहूर इथल्या एका इमारतीवर आहे. चुकीचा फोटो पाठवला की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. चित्राबरोबर गाव, वर्ष आणि चित्रकाराचं नाव लिहिलं तर ती माहिती होते, नाही तर नुसता फॉरवर्ड.

दुसरी गोष्ट आपल्या तरुणांसाठी. भावना कितीही खरी असो, दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर परवानगीशिवाय लिहू नका. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, त्यात कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. परवानगीने काय होऊ शकतं तेही बघा. २००९ मध्ये मुंबई महापालिकेने माहीम-दादरकडची तुळशी पाईप रोडची लांबलचक भिंत नागरिकांना रंगवायला दिली होती. शाळेच्या, मदरशाच्या किंवा स्वतःच्या घराच्या भिंतीवर, मालकाच्या संमतीने, चांगलं काम करता येतं.

तिसरी गोष्ट अदबीची. अल्लाहचे नाव, कलमा किंवा कुरआनची आयत अशा जागी लिहू नये जिथे धूळ, पिचकारी किंवा पोस्टर त्यावर येईल. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांची मतं आहेत, ती आपल्या इमामसाहेबांना विचारावीत. पण हंदलाची गोष्ट मुलांना सांगायला चित्र काढावंच लागतं असं नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसून नकाशा उघडा, बैतलहम दाखवा, अक्सा दाखवा, मधली रेषा दाखवा. पुढचे प्रश्न मुलं स्वतःच विचारतील.