माणसे, माल आणि मधली भिंत : मोटारीचे मागचे आसन आडवे कसे झाले?

थ्रेड 🧵

१/ खटका ओढला की मोटारीच्या मागच्या आसनाची पाठ पुढे झुकते आणि बैठक व डिकी मिळून एकच सपाट जागा तयार होते. सायकल, टेबल, धान्याची पोती असे सारे तीत मावते. ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः आसनाची ती पाठ म्हणजे एक भिंत होती. तिच्या अलीकडे माणसे आणि पलीकडे माल. ती हलवण्यामागे अर्धपोटी युरोप आहे, करांचे कायदे आहेत आणि एक मृत्यूही आहे.

२/ आरंभीच्या मोटारींचा घाट बग्गीवरून घेतलेला होता. मालक आत बसे आणि सामानाचा पेटारा मागे बाहेर बांधला जाई. अमेरिकेत डिकीला आजही ‘ट्रंक’ म्हणतात, ती त्या पेटाऱ्याचीच खूण. अपवाद होता तो तिथल्या रेल्वेस्थानकांवरच्या लाकडी सांगाड्याच्या गाड्यांचा. उतारू आणि त्यांचे सामान त्या एकत्रच वाहून नेत. ‘स्टेशन वॅगन’ हे नाव तिथून आले.

३/ फ्रान्समध्ये या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती. खाटीक, भाजीवाला, छोटा दुकानदार यांना दोन गाड्या परवडणाऱ्या नव्हत्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सित्रोएनने आपल्या ‘ट्रॅक्सिओं आव्हां’ गाडीची ‘कॉमर्सियाल’ ही आवृत्ती काढली. तिचे मागचे दार आडवे दुभंगे. अर्धे वर उघडे, अर्धे खाली. आठवडाभर माल वाहायचा आणि रविवारी कुटुंबाला फिरायला न्यायचे, असा तिचा हिशेब.

४/ सित्रोएनचे प्रमुख प्येर बुलांजे यांनी आणखी एका गाडीची कल्पना मांडली होती. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटर वेगाने नेईल, अशी ती असावी. महायुद्धामुळे ती रखडली आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ‘टू सीव्ही’ म्हणून अवतरली. तिची नळ्यांची हलकी आसने उचलून बाहेर काढता येत. शेतात माल भरताना ती बांधावर ठेवावीत, सहलीत त्यांच्यावरच बसावे. बटाट्यांचा विचार आराखड्याच्या पहिल्या ओळीत झालेली ही मोटार होती.

५/ त्याच सुमारास, १९४९ मध्ये, अमेरिकेत कायझर-फ्रेझर कंपनीने ‘ट्रॅव्हलर’ आणि ‘व्हॅगाबाँड’ या गाड्या आणल्या. बाहेरून त्या साध्या सेडान दिसत, पण मागचे दार दुभंगून उघडे आणि मागचे आसन आडवे होई. मात्र जादा चाक ठेवायला जागा उरली नाही. ते डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी आत बसवले गेले आणि ते दार कायमचे बंद करावे लागले. १९५५ मध्ये कंपनीने अमेरिकेतील आपला प्रवासी मोटारींचा व्यवसायच आवरता घेतला.

६/ त्या बंद दारातच खरी अडचण दिसते. आसन दुमडणे सोपे. त्याखालची जमीन सपाट मिळणे अवघड. पुढचे इंजिन मागची चाके फिरवत असेल, तर लांब दांडा गाडीच्या पोटातून जातो आणि मागच्या आसाचा बोजड गड्डा वर येतो. म्हणजे भिंत पाडली तरी उंबरठा उरतोच.

७/ दुसरी अडचण कायद्याची होती. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये प्रवासी मोटारीवर खरेदी कर होता, मालवाहू व्हॅनला तो माफ होता. म्हणून १९६० मध्ये आलेली ‘मिनी व्हॅन’ मागच्या बाजूला बिनखिडक्यांची होती. काच नाही म्हणजे माल, काच आहे म्हणजे माणसे. सरकारी दप्तरात मधली जागाच नव्हती. अनेक तरुण जोडप्यांनी कर वाचवण्यासाठी ती बिनखिडक्यांची व्हॅन घरची गाडी म्हणून वापरली.

८/ आता पुन्हा फ्रान्स. महायुद्धाच्या अखेरीस राष्ट्रीयीकरण झालेल्या रनोचे प्रमुख प्येर लफोशो हे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यातले सैनिक. बुखेनवाल्डच्या छळछावणीतून ते जिवंत परतले होते. फेब्रुवारी १९५५ मध्ये बर्फाळ रस्त्यावर त्यांची ‘फ्रेगात’ घसरून उलटली. गाडीत न बांधता ठेवलेली त्यांचीच बॅग डोक्यावर आदळली आणि त्यांचा अंत झाला.

९/ त्यांच्या जागी प्येर द्रेफ्यूस आले. रनोच्या तेव्हाच्या लोकप्रिय ‘फोर सीव्ही’चे इंजिन मागे होते, त्यामुळे मागे माल ठेवायचा प्रश्नच नव्हता. द्रेफ्यूस यांना हवी होती ती जीन्ससारखी गाडी : शेतात, शहरात, कामावर, सुटीत, कुठेही चालणारी. १९६१ मध्ये ‘रनो फोर’ आली. इंजिन पुढे आणि तेच पुढची चाके फिरवणारे, म्हणून पोटातला लांब दांडा गेला. मागे वर उघडणारे पूर्ण दार, आडवे होणारे आसन आणि खाली सपाट जमीन.

१०/ या सपाटपणाची किंमत विलक्षण होती. मागच्या चाकांना उंच स्प्रिंगांऐवजी गाडीखाली आडवे टाकलेले, पीळ सोसणारे पोलादी दांडे दिले गेले. दोन दांडे एकाच रेषेत बसेनात, म्हणून एकामागे एक ठेवले. परिणामी पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर एका बाजूला सुमारे ५ सेंटीमीटरने अधिक झाले! अभियंत्यांनी गाडीची समतोल आकृती सोडली, पण जमीन सपाट ठेवली. सुमारे ३० वर्षांत ही गाडी ८० लाखांहून अधिक बनली.

११/ तरीही ती ‘कष्टकऱ्यांची’ गाडी मानली जाई. हा शिक्का पुसला तो १९६५ च्या ‘रनो सिक्स्टीन’ने. मोठ्या, आरामशीर गाडीतही मागचे आसन सरकवता, दुमडता येऊ लागले. त्याची पाठ तर छताला टांगता येई. युरोपातील १९६६ चा ‘कार ऑफ द इयर’ हा बहुमान तिला मिळाला. बटाट्यांसाठी निघालेली युक्ती आता मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात सन्मानाने पोहोचली होती.

१२/ पुढची मोठी उडी जपानची. २००१ च्या होंडा ‘फिट’मध्ये, म्हणजेच भारतात २००९ मध्ये आलेल्या ‘जॅझ’मध्ये, इंधनाची टाकी पुढच्या आसनांखाली हलवली गेली. त्यामुळे मागचे आसन थेट खाली बसू शकले, आणि त्याची बैठक वर उचलून उंच कुंडीही उभी नेता आली. उंबरठ्याचा उरलेला भागही नाहीसा झाला.

१३/ भारतात ही कथा उशिरा सुरू झाली. मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची डिकी वेगळी, मागचे आसन पक्के. म्हणून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे जादा सामान टपावरच्या कॅरिअरवर चढे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मागचे दार आणि दुमडणारी पाठ सामान्य घरात आणली. एकाच गाडीवर भागवणाऱ्या कुटुंबाला तिचा अर्थ फ्रान्समधल्या त्या दुकानदाराइतकाच नेमका कळला.

१४/ परंतु भिंत हटली की तिचे संरक्षणही हटते. संयुक्त राष्ट्रांच्या मोटार नियमावलीतील १७ क्रमांकाच्या नियमानुसार उभ्या आसनामागे प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी सुमारे ५० किलोमीटरच्या धडकेची चाचणी घेतात. पाठीने ते अडवले पाहिजेत. आसन आडवे असताना मात्र अडवायला पाठच नसते. तेव्हा माल आणि माणूस यांच्यामध्ये फक्त दोरी किंवा पट्टा उरतो, आणि तो बांधायचा की नाही, हे गाडी चालवणाऱ्याच्या हाती असते. लफोशोंच्या बॅगेला तसा पट्टा नव्हता.

(थ्रेड समाप्त)