भिडूच्या पोटात गुपित राहत नाही तेव्हा

रिसर्चमध्ये आलात की सगळे एकच सांगतात: पब्लिश करा. कुठे गप्प बसायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. म्हणून आज जरा वेगळ्या ठिकाणी जाऊ, अमेरिकेतल्या ब्लॅकजॅकच्या टेबलावर.

या खेळात वाटून झालेली पानं लगेच कॅटमध्ये परत जात नाहीत. त्यामुळे मागे काय उरलंय याचा हिशेब ठेवता येतो. साधी पद्धत अशी: २ ते ६ मधलं पान दिसलं की अधिक एक, दश्शी, चित्र किंवा एक्का दिसला की उणे एक, ७, ८, ९ ला शून्य. बेरीज चढली म्हणजे मोठी पानं अजून यायची आहेत. तेव्हा पैज वाढवायची.

पानं मोजून कॅसिनोला हरवता येतं, हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकावर आकडेमोड करून दाखवलं. १९६१ मध्ये त्याने पेपर छापला, १९६२ मध्ये 'बीट द डीलर' हे पुस्तक. गुपित त्याचं स्वतःचं होतं, त्याने ते उघड केलं.

पण अडचण अशी, की पैज एकदम वाढली की कॅसिनोवाल्यांना संशय येतो. यावर १९७० च्या दशकात अल फ्रान्सेस्कोने तोड काढली. त्याचे भिडू वेगवेगळ्या टेबलांवर छोट्या पैजा लावत पानं मोजत बसायचे. बेरीज चढली की खूण व्हायची आणि 'बिग प्लेअर' येऊन मोठी रक्कम लावायचा. एकमेकांना ओळख द्यायची नाही. एक 'काय रे, कसा आहेस?' सगळ्यांना महागात पडलं असतं.

याच टीममध्ये केन युस्टन आला. शेअर बाजारातली मोठ्या पदाची नोकरी केलेला, हुशार माणूस. १९७७ मध्ये त्याने सहलेखकासोबत 'द बिग प्लेअर' हे पुस्तक काढलं आणि टीमची पद्धत जगजाहीर झाली. फ्रान्सेस्को दुखावला. साहजिकच आहे, युक्ती त्याची होती.

युस्टनला नुसता खलनायक ठरवू नका. पुढे कॅसिनोने बाहेर काढल्यावर तो कोर्टात लढला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की केवळ पानं मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने खेळाडूला मज्जाव करता येणार नाही. त्याचा फायदा इतर खेळाडूंनाही झाला.

तरी थॉर्प आणि युस्टन यांच्यातला फरक लक्षात ठेवा. बोलले दोघंही. पण एकाने स्वतःचं काम सांगितलं, दुसऱ्याने सगळ्यांचं.

पहिल्या वर्षी मीही चहाच्या टपरीवर लॅबमधल्या मैत्रिणीचा अर्धवट रिझल्ट उत्साहात दुसऱ्या ग्रुपला सांगून टाकला होता. नुकसान काही झालं नाही. पण पुढे कितीतरी दिवस, मी जवळ गेलो की ती वही मिटायची.

तेव्हा तोंड उघडण्याआधी एवढंच विचारा: हे गुपित माझं एकट्याचं आहे का?