ठाण्याच्या खंदकाला किती चाली?

कोपरीच्या मीठबंदर रस्त्याने खाडीकडे चालत राहा. पिशवीत पुठ्ठा, कंपास, कटर, मूठभर चिंचोके आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा एक ताव आहे. घरी युद्धखेळाचा पट बनवायचा आणि नकाशा जागेवर जाऊनच काढायचा, हा तुमचा हट्ट. रिक्षांचे आवाज विरतात, पाय घोट्यापर्यंत चिखलात रुततो. डिसेंबर 1774. रेल्वे 1853 मध्ये यायची आहे.

उत्तरेला ठाण्याचा किल्ला दिसतो. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये तो बांधायला घेतला, 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला. पुढे त्याचा तुरुंग होईल. आत्ता त्याच्यावर इंग्रजांच्या तोफा चालताहेत.

बसा आणि पुठ्ठ्यावर षटकोन आखायला घ्या. वर्तुळ काढा, कंपासाचं अंतर तेवढंच ठेवून परिघावर सहा खुणा करा, त्या जोडा. चौकटींच्या पटावर तिरकी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. छापील युद्धखेळांत ही घरं 1961 च्या ‘गेटिसबर्ग’ पासून रुळली. तुम्ही ती इथे, तिवरांच्या सावलीत आखताय.

नकाशा पुरा होतो आणि खोटाही ठरतो, कारण ओहोटी लागली आहे. मघाशी होडी तरंगत होती तिथे आता ती चिखलात कलंडली आहे. “भरती लागू दे, मग निघल ती,” जवळचा कोळी सांगतो. म्हणजे या पटाला दोन नकाशे हवेत. प्लॅस्टिकच्या तावावर भरतीचं पाणी निळ्या शाईने रंगवा. ताव पटावर ठेवला की भरती, उचलला की ओहोटी. सहा-सहा तासांची एक फेरी. जहाजांना किनारा गाठू देणारा नियम कुठल्याही पुस्तकापेक्षा या खाडीकडून घेतलेला बरा.

27 तारखेची रात्र. इंग्रजांचे लोक खंदक बुजवायला पुढे सरकतात. तटावरून मारा सुरू होतो. सुमारे शंभर गोरे पडतात, बाकीचे मागे फिरतात. तुम्ही खंदकाला एकच जादा चाल लावली होती. खोडा ती. इथे सोंगटीला पूर्ण एक फेरी माऱ्याखाली उभं राहावं लागेल, आणि तरीही खंदक बुजेलच असं नाही.

इंग्रजांच्या आरमाराचा प्रमुख जॉन वॉटसन या वेढ्यात जखमी होतो. गोळा त्याला लागतच नाही. जवळच्या वाळूवर आदळतो, वाळूचे कण अंगात घुसतात, आणि त्यातच तो पुढे मरतो. तेव्हा नेम चुकला म्हणून सरदार वाचला, असं तुमच्या पटावर चालणार नाही.

28 ची संध्याकाळ. दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडतो, आतली बहुतेक शिबंदी कापली जाते. मराठी शिबंदीसाठी तुम्ही चिंचोके ठेवलेत आणि पटाच्या कडेला ‘कैदी’ असं घर काढलंय. ते घर पुसा. पकडलेली सोंगटी बाजूला ठेवण्याची सोय बुद्धिबळात शोभते. या पटावर माणसं मेली हे खेळणाऱ्याला कळलं पाहिजे.

मग मराठ्यांनी जिंकायचं कसं? उत्तर मुंबईत आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पेशवाईत फूट पडलेली, त्यांचे काका राघोबादादा इंग्रजांशी बोलणी करताहेत. त्यातच साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, आणि वसई परत घ्यायला पोर्तुगीज आरमार येणार, ही खबर. म्हणून इंग्रजांना घाई. 1782 च्या सालबाईच्या तहातही साष्टी त्यांच्याकडेच राहिली, पण या आठवड्यात त्यांना ते ठाऊक नाही. पटावर किल्ला दिवसागणिक जेवढा टिकेल, तेवढे गुण शिबंदीला द्या. ठरावीक फेऱ्या निभावल्या, तर खाडीच्या तोंडाशी तिसरा गडी उतरवा. उरलेल्या पुठ्ठ्यातून पोर्तुगीजांची गलबतं कापायला घ्या.